जावयाचं आयरिश घराणं: दहा वर्षांत सोळा वर्षांनी म्हातारा

जावयाच्या वंशावळीतली बॉस्टनकडची शाखा मार्गी लागली, आता समुद्रापलीकडची. आडनाव सलिव्हन, परगणा कॉर्क. एवढ्या भांडवलावर शोधायला बसलं तर जन्म पुरायचा नाही. वाचवलं ते प्रवासी-यादीने. जावयाची पणजी 1908 साली क्वीन्सटाउनहून (आजचं कोव्ह) जहाजात बसली, आणि तोवर अमेरिकेच्या यादीत मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता विचारू लागले होते. तिथे वडिलांचं नाव आणि टाउनलँड (आयर्लंडमधला जमिनीचा सगळ्यात छोटा विभाग, आपल्या वाडीसारखा), दोन्ही मिळालं. ज्यांचे पूर्वज आधीच्या जहाजांनी गेले, त्यांची यात खरी अडचण होते.

टाउनलँड हाती आल्यावर 1901 ची खानेसुमारी म्हणजे दहा मिनिटांचं काम; डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ती फुकट ठेवली आहे. वडील जेम्स, वय 56. मग 1911 चा तक्ता उघडला. तेच घर, तीच बायको, वय 72!

यात नवल नाही. 1908 चा वृद्धापकाळ पेन्शनचा कायदा आला आणि जानेवारी 1909 पासून सत्तरी गाठलेल्याला आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत मिळू लागले. सरसकट जन्मनोंदणी 1864 पासूनची, त्यामुळे त्या पिढीकडे दाखला कुठला? मग वय सिद्ध करायला 1841 किंवा 1851 च्या खानेसुमारीत नाव शोधून घ्यायचं. ती दप्तरं 1922 साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या सरकारी दप्तरखान्याला लागलेल्या आगीत जवळजवळ सगळी गेली, पण पेन्शनसाठी भरलेले शोध-अर्ज उरले. जळालेली खानेसुमारी अशी तुकड्यातुकड्याने हाताला लागते.

जेम्सचा अर्ज सापडला. आईवडिलांची नावं, टाउनलँड, पॅरिश (चर्चचा परगणा), सगळं स्वच्छ. 1841 मध्ये कुटुंब आहे, दोन मुलं आहेत, जेम्स नाही. कारकुनाने तसा शेरा मारलाय.

कारण पॅरिशच्या बाप्तिस्मा-रजिस्टरात मिळालं. 1843, लॅटिनमध्ये ‘याकोबुस’ (म्हणजे जेम्स), आईबाप तेच, आणि आईचं माहेरचं आडनावही. म्हणजे 1909 साली गडी 66 चा होता. वारलेल्या थोरल्या भावाचं नाव धाकट्याला देण्याची रीत तिकडे होती, म्हणून मी एरवी अशा नोंदीवर लगेच विश्वास ठेवत नाही. पण 1841 च्या घरात जेम्सच नसल्याने इथे ती शंका फारशी टिकत नाही. पेन्शन मिळालं का, ते अर्ज सांगत नाही. मिळालं असावं असं मला मनापासून वाटतं.

आता ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झालेली जमिनीची कर-आकारणी, त्यांचा सातबाराच म्हणा: जमीन कुणाची, कसतो कोण, आकारणी किती. त्या टाउनलँडमध्ये जेम्सच्या बापाच्या नावाचे दोन सलिव्हन आहेत. साक्षीदार आणि बाप्तिस्म्याचे धर्मपिता जुळवून आपला कुठला ते ठरवायचंय. आईच्या माहेरचे लोक शेजारच्याच टाउनलँडमध्ये दिसतायत, तेव्हा सुरुवात तिथून.