चौतीस जणांचा गोल

मंगळवार, रात्री साडेनऊ

आज सहावीला विद्युत परिपथ. फळ्यावर आकृती काढायचीच नाही, हे कालच ठरवलं होतं. प्रत्येक गटाला एक सेल, टॉर्चचा बारका बल्ब आणि वायरचा एकच तुकडा दिला. म्हटलं, लावा दिवा.

दहा मिनिटं कुणाचाच लागेना. बहुतेकांनी वायरचं एक टोक सेलच्या टोपीला टेकवलं, दुसरं बल्बच्या बुडाला. "करंट पोचला ना बाई, मग?" नळाला पाइप लावला की पाणी येतं, तशी वीज येते ही त्यांची समजूत. चूक तरी कशी म्हणू? घरातल्या पंख्याची वायर बाहेरून एकच दिसते, आतल्या दोन कोण बघतं! सांगायला जीभ शिवशिवत होती, पण गप्प राहिले.

मग मागच्या बाकावरच्या मुलीने बल्बचं बूड सेलच्या टोपीवर उभं धरलं, वायर बल्बच्या पितळी आट्यांभोवती गुंडाळली आणि दुसरं टोक सेलखाली दाबलं. बल्ब लागला. ती इतकी दचकली की सगळं हातातून सुटलं. पुन्हा लावायला लावलं. मग उडालेला एक मोठा बल्ब भिंगाखाली दाखवला: तारेचं एक टोक बुडाच्या ठिपक्याला, दुसरं आट्यांना. येण्याची वाट वेगळी, जाण्याची वेगळी.

वाहक-विसंवाहक पटकन झाले. किल्ली, नाणं, कंगवा, खोडरबर. अडलं ते पेन्सिलीपाशी. दोन्ही टोकं तासलेल्या पेन्सिलीतून एलईडी मिणमिणला, तर सगळे म्हणाले, शिसं आहे ना, धातूच तो! आपण शिसं म्हणतो खरं, पण आत ग्राफाइट आणि चिकणमाती. धातू नसूनही ग्राफाइट वीज नेतं, हे त्यांना पटायला वेळ लागला.

शेवटी व्हरांड्यात गोल. शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून दोन ट्रान्झिस्टर आणले होते, म्हणजे बारीक प्रवाह वाढवणारे छोटे सुटे भाग. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर जोडणी केली. अंगातून जाणारा प्रवाह जाणवतही नाही इतका कमी, ट्रान्झिस्टर त्यावरून एलईडी लावतात. चौतीस जणांनी हात धरले, लाल दिवा लागला. एकाने हात सोडला, विझला. पावसाळी दमटपणाने तळवे ओले होते, तेही पथ्यावर पडलं.

तेवढ्यात एकाने विचारलं, "पावसात खांबाला हात लावू नको म्हणते आई, ते यामुळेच?"

सगळ्यांना खाली बसवलं. अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारशी जात नाही, पण रस्त्यावरच्या पाण्यात क्षार आणि चिखल असतो. ओल्या कातडीचा रोधही कमी. इथे नऊ व्होल्ट, घरात दोनशे तीस. खांबातून करंट उतरत असेल तर गोल पूर्ण करायला चौतीस जण लागत नाहीत, पायाखालची जमीन पुरते. प्लगपाशी यातलं काही करायचं नाही, हे तीनदा म्हणवून घेतलं. घंटा होऊनही कुणी उठलं नाही.

मीठपाणी चालेल का, असं एकीने जाताना विचारलं. उद्या तेच करू. सकाळी गॅरेजमधून बॅटरीत घालायच्या शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्याची बाटली घ्यायला हवी, आणि घरून मिठाची पुडी.