28 इंच, पण कुठून कुठपर्यंत?

वर्ष होत आलं, तरी बाणांच्या ऑर्डर फॉर्मवरची ती एक चौकट आठवली की माझं डोकं तापतं. ‘अ‍ॅरो लेंग्थ, इंचांत’. पुढे एक रिकामी जागा. कुठून मोजायचं, कुठपर्यंत मोजायचं, एक अक्षर नाही. त्या रिकाम्या जागेत मी 28 लिहिलं आणि पाच आठवडे घालवले.

2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे तिरंदाजीत जगज्जेते झाले. त्याच महिन्यात मी क्लब शोधला. त्या दोघांचं धनुष्य कंपाउंड, टोकांना चाकं असलेलं. त्यात दोरी किती मागे यायची हे चाकांनीच ठरवलेलं असतं, ठरलेल्या जागी ती थांबतेच. ऑलिंपिकवाल्या रिकर्व्हला, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याला, क्लिकर असतो, बाण पुरता मागे आला की टिक वाजतं. मी मात्र पारंपरिक घेतलं. एकसंध लाकडी रिकर्व्ह, दोरी 28 इंच ओढली की 30 पौंडांचा जोर, बाकी काही नाही. किती ओढलं हे सांगणारं यात काहीच नसतं. आपली पाठ, आपला हात आणि तोंडाच्या कोपऱ्याला टेकलेलं बोट, यावरच सगळं. म्हणून बाणाच्या लांबीचा प्रश्न इथे जास्त नाजूक होतो.

पहिले तीन महिने क्लबच्या लांब बाणांवर गेले आणि ते छान गेले.

मग क्लबमध्ये शिकवणाऱ्या सरांनी माझा ड्रॉ, म्हणजे मी दोरी किती मागे ओढते ते, मोजला. दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंतचं माप घ्यायचं आणि अडीचने भागायचं, ही पद्धत मी वाचली होती. माझे 168 सेंटीमीटर, म्हणजे 66 इंच. भागल्यावर साडेसव्वीसच्या आसपास येतं. सर म्हणाले, अंदाजाला ठीक आहे, बाण कापायला नाही. त्यांनी एका लांब बाणावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर चिकटपट्टीच्या रेघा मारल्या होत्या. आधी मला पंधरा बाण मारायला लावले, कारण थंड अंगाने ओढलेलं माप खोटं येतं. मग मी तो बाण ओढून धरला आणि त्यांनी बाजूला उभं राहून धनुष्याच्या लक्ष्याकडच्या कडेवर कुठली रेघ येते ते पाहिलं. समोर उभं राहून कुणीही हे माप घेऊ नये. पाच वेळा घेतलं. 27. पहिल्या महिन्यात हेच माप पावणेसव्वीस आलं होतं! खांदा आकसलेला, कोपर अर्धवट वाकलेलं. पाठीने ओढायला शिकलं की माणूस उघडतो आणि माप वाढतं. तेव्हा कुणी मला पहिल्या महिन्यातच बाण कापून घ्यायला लावले असते तर तेही वाया गेले असते.

ड्रॉ 27, वर एक इंच सुरक्षिततेसाठी. म्हणून 28.

डबा आला, बाण देखणे होते. दुसऱ्या दिवशी मैदानावर सहावा की सातवा बाण ओढला. पाठ मोकळी झाली होती, ड्रॉ मस्त उघडला आणि मुठीच्या वर बारीक ‘टक’ झालं. शाफ्ट, म्हणजे बाणाची दांडी, संपून टोक सुरू होतं तिथला खांदा शेल्फच्या, म्हणजे मुठीवरच्या बाण टेकायच्या जागेच्या, कडेवरून आत घसरला होता. पलीकडे दीड बोटावर माझ्या डाव्या हाताचा अंगठा. सर शेजारीच होते. ‘सोडू नका. सावकाश खाली घ्या.’ त्यांचा तो आवाज मी विसरणार नाही. आखूड बाण अजून थोडा मागे आला असता तर टोक शेल्फवरून खाली पडलं असतं आणि त्या अवस्थेत दोरी सुटली असती तर बाण लक्ष्याकडे नाही, हातात गेला असता.

घरी जेवणाच्या टेबलावर टेप घेऊन बसले. नॉक म्हणजे बाणाच्या मागचा, दोरी अडकवायचा तुकडा. त्याच्या मागच्या टोकापासून लोखंडी टोकाच्या अणीपर्यंत बरोबर 28. दोरी बसते त्या खाचेपासून शाफ्टच्या कापलेल्या कडेपर्यंत 27. पाऊण इंच टोकाने खाल्लं होतं, पाव इंच नॉकच्या मागच्या भागाने. बाणाची लांबी म्हणजे खाचेच्या तळापासून शाफ्टच्या कडेपर्यंत, टोक सोडून. तिरंदाजीत हेच माप धरतात, स्पाइनचे, म्हणजे शाफ्टच्या ताठपणाचे, तक्तेही याच मापावर असतात. दुकानाने मात्र अणीपर्यंत धरलं.

फोन केला. ‘मॅडम, तुम्ही 28 लिहिलंत, आम्ही 28च पाठवलेत, मोजून बघा.’ मी टेपसकट फोटो पाठवले. उत्तर आठवड्याने. कापलेला माल परत घेत नाही. पुन्हा फोन, पुन्हा मेल, मग वरिष्ठ बाहेरगावी. पाचव्या आठवड्यात पुढच्या खरेदीवर सवलत देऊ केली. मला सवलत नको होती. फॉर्मवर ‘खाचेपासून शाफ्टच्या कडेपर्यंत’ एवढी एक ओळ छापा, इतकंच मागत होते, कारण पुढचा माणूस एकटा सराव करणारा असेल तर त्याच्या शेजारी सर नसतील. परवा पाहिलं, ती ओळ अजून नाही.

त्या बाणांना दुसरंही दुखणं होतं. ते सगळे डावीकडे जायचे. मी उजव्या हाताने ओढते, त्यात बाण डावीकडे जाणं ही बहुधा तो ताठ असल्याची खूण. शाफ्ट जितका आखूड तितका तो कमी वाकतो आणि धनुष्याला वळसा घालून सरळ व्हायला त्याला थोडं वाकावंच लागतं. शिवाय माझ्या धनुष्याचे 30 पौंड 28 इंचांवरचे. 27 इंचांवर मी साधारण 28 पौंडच ओढते. शाफ्ट निवडताना हा आकडा धरायचा, धनुष्यावर लिहिलेला नाही.

दुसऱ्या वेळी न कापलेले 32 इंची शाफ्ट मागवले, पिसांशिवाय. दोन शाफ्ट तसेच उघडे ठेवून 15 मीटरवर मारायचे आणि पिसंवाल्यांच्या कुठल्या बाजूला पडतात ते बघायचं. सुरुवातीला उजवीकडे पडले, म्हणजे मऊ. अर्धा इंच कापला, पुन्हा मारले. 30 च्या खाली आल्यावर पाव-पाव इंच. सव्वाएकोणतीसला उघडे आणि पिसंवाले एका जागी पडायला लागले, तेव्हा मैदानावर मी अक्षरशः ओरडले. ड्रॉपेक्षा सव्वादोन इंच जास्त. असू दे. थोडा लांब बाण कुणाला इजा करत नाही.

कापायला हॅकसॉ नको, कार्बन चिरतं. फिरणाऱ्या पातळ चकतीवर कापायचं, कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळून. नाका-तोंडावर मास्क हवाच, ती धूळ वाईट. पिसं लावलेली नसतील तर मागच्या बाजूने कापा, नॉक ओढून निघतं आणि पुढचं चिकटवलेलं टोक हलवावं लागत नाही. हे मला चौथ्या कापणीनंतर कुणीतरी सांगितलं.

आमच्या क्लबात एकजण अंगठ्यातल्या अंगठीने ओढतो, थेट कानामागे. त्याचे बाण 32 चे. त्याचा आकडा माझ्या कामाचा नाही आणि माझा त्याच्या. त्याच्या धनुष्याला शेल्फच नाही, बाण मुठीवरच टेकतो, तेव्हा आखूड बाणाचा धोका त्याला माझ्याहून जास्त.

ते पहिले बारा बाण सरांच्या एका विद्यार्थिनीला दिले. तिचा ड्रॉ 24 आहे.

आणि हो, कापायला सुरुवात करण्याआधी टोकाचं वजन पक्कं करा. मी 100 ग्रेनवर जुळवत होते, मध्येच 125 लावून पाहिलं, तर बाण पुन्हा मऊ वागायला लागले आणि एक पूर्ण रविवार गेला.