आईनं बंदी घातलेल्या खाणीत : ड्रायसूट शिकण्याचे दोन दिवस

नाशिकच्या पोरांना लहानपणी दोन ठिकाणी जायची बंदी असते. पूर आल्यावर रामकुंडाकडे, आणि पावसाळा सरल्यावर विल्होळी-सारूळकडच्या खडीच्या खाणींकडे. "खाणीतलं पाणी दिसतं तेवढं नसतं," असं आई बजावायची. चाळिशी उलटल्यावर मी पैसे भरून, कागदावर सही करून, पाठीला सिलिंडर बांधून खाणीतच उतरले. ती खाण इंग्लंडात होती आणि पाणी ७ अंशांचं.

खाणीचं नाव स्टोनी कोव्ह. लेस्टरहून गाडीनं साधारण अर्धा तास. ग्रॅनाइटची जुनी खाण, खोदकाम थांबल्यावर झऱ्यांच्या पाण्यानं भरली. दगड काढताना ठेवलेल्या पायऱ्या पाण्याखाली तशाच आहेत: पहिली ६-७ मीटरवर, दुसरी २०-२२ वर, आणि तळ ३५ मीटरच्या आसपास. शिकाऊ माणसाला पायाखाली अशी पायरी असली की मोठा धीर येतो. बघायला म्हणून मुद्दाम बुडवलेल्या वस्तूही आहेत, विमानाचं कॉकपिट, हेलिकॉप्टर, 'स्टेनगार्थ' नावाची टगबोट. धाकटी बहीण लेस्टरला असते. द्राक्षांचा हंगाम उरकून एप्रिलमध्ये तिच्याकडे गेले होते, तेव्हा थंड पाण्यात बुडी मारताना घालायचा ड्रायसूट वापरायला शिकवणारा हा दोन दिवसांचा कोर्स केला.

थंडीचं मला कौतुक नव्हतं. आमची बाग निफाडला. पारा ५-६ वर आला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतो, त्यामुळे ७ अंश म्हणजे रोजचंच, असा माझा तोरा. पण पाणी हवेपेक्षा पंचवीसएक पट वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं. चेहरा पाण्यात घातला आणि कपाळात अशी कळ गेली की तोरा तिथेच विरघळला. गंमत म्हणजे दोन मिनिटांनी ओठ बधिर झाले आणि थंडीचा विषय संपला. दोन दिवस ज्यानं छळलं ती हवा.

आधी सूटबद्दल. अंदमानात, हॅवलॉकला मी ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला प्रमाणपत्र कोर्स केला तेव्हा ३ मिलिमीटरचा वेटसूट पुरला होता. पाणीच २८ अंशांचं. वेटसूटमध्ये पाणी शिरतं आणि अंगालगतचा त्याचा पातळ थर गरम राहतो. ड्रायसूटमध्ये पाणी शिरूच द्यायचं नसतं. मला मिळालेला सूट पातळ कापडी होता, म्हणजे थोडक्यात रेनकोट. ऊब सगळी आतल्या गोधडीसारख्या अंगरख्याची आणि त्यात अडकलेल्या हवेची. म्हणून आत जाड सुती कपडे घालू नका. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि मग तुम्ही आतूनच गारठता.

मनगटाला आणि गळ्याला लॅटेक्सच्या घट्ट पट्ट्या असतात. त्यातून हात घालणं म्हणजे कासाराकडे बांगड्या भरणं. अंगठा तळव्यात दुमडायचा, बोटं निमुळती करायची आणि हूं की चूं न करता ढकलायचं. प्रशिक्षक बाईंना मी म्हटलं, हे आम्हाला लग्नाआधीच शिकवतात. पट्टीला टाल्कम पावडर लावली की काम सोपं होतं. अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा, नखं कापून जा. आणि मैत्रिणींनो, आदल्या दिवशी केसांना तेल नको. तेलानं लॅटेक्स खराब होतं; भाड्याच्या सूटची गळपट्टी तेलकट करून परत देणं बरं दिसत नाही. एक केस जरी पट्टीखाली राहिला तरी तिथून पाण्याची धार लागते. माझी एक बट राहिली होती. पहिल्या डाइव्हनंतर पाठ कमरेपर्यंत ओली.

खांद्यामागची झिप दुसऱ्यानं लावायची, पण ती शेवटच्या दातापर्यंत गेली का हे आपणच विचारायचं.

आता हवा. सूटमध्ये छातीवर हवा भरायची कळ असते, डाव्या दंडावर हवा सोडायची झडप. खाली जाताना दाब वाढतो. १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट, म्हणजे आतली हवा निम्मी. सूट अंगाला चिमटे काढू लागतो. दुखेपर्यंत थांबू नका, कळ थोडी थोडी दाबत राहा. मी शहाणपणा करून सोसत राहिले, तर मांडीवर आणि खांद्यावर लाल वळ उठले. बहिणीनं ते बघून नुसतंच माझ्याकडे पाहिलं.

वर येताना उलटं. हवा फुगते, डावं कोपर उंच करून ती सोडावी लागते. फुगण्याचा जोर उथळ पाण्यातच जास्त, म्हणून शेवटचे ५-६ मीटर सगळ्यात सावकाश यायचं.

खरा धडा दुसऱ्या दिवशी मिळाला. कॉकपिटपाशी पट्टेरी पर्च मासे होते. एक बघायला मी डोकं खाली घालून वाकले. हवा नेहमी वर पळते, आणि त्या क्षणी 'वर' होते माझे पाय. बूट फुग्यासारखे टम्म झाले, पायांतल्या वल्ह्यांसारख्या फिन्स सुटतील असं वाटलं आणि मी पायाकडून वर निघाले. हवा पायात, झडप दंडावर. कितीही कोपर हलवा, उपयोग शून्य. उपाय सकाळीच पोहण्याच्या तलावात शिकवला होता: गुडघे पोटाशी घ्या, कोलांटी मारून सरळ व्हा, हवा दंडाकडे आली की सोडा. मला तो आठवला तेव्हा प्रशिक्षक बाईंनी माझा घोटा धरलेला होता. श्वास सोडत राहायचं, रोखायचा नाही, एवढं मात्र मी विसरले नव्हते. त्यानंतर तीच कोलांटी त्यांनी माझ्याकडून तीनदा करून घेतली. कोर्स निवडताना ही कोलांटी आणि हवा भरायची कळ अडकली तर तिची नळी पाण्याखाली काढणं, दोन्ही आधी तलावात करून घेतात का ते विचारा. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

पाण्याखाली तरंगण्याचा तोल कशानं सांभाळायचा यावर प्रशिक्षकांत दोन मतं आहेत. काही फक्त सूटमधल्या हवेनं म्हणतात; मला शिकवलं ते असं, की सूटमध्ये चिमटे थांबण्यापुरती हवा आणि बाकीचं सूटवर घालायच्या, हवा भरता येणाऱ्या जाकिटात. मला दुसरं पटलं, कारण सूटमध्ये जितकी कमी हवा तितकी ती कमी पळापळ करते. पृष्ठभागावर आल्यावर मात्र जाकीटच फुगवायचं.

वजनाचा पट्टा बघून घाबरू नका. हॅवलॉकला मला ४ किलो पुरले होते, इथे १२ लागले, तेही गोड्या पाण्यात. समुद्रात आणखी लागतात. कंबर दुखत असेल तर अंगावर वजन वाटून द्यायला सांगा.

नाशिकहून जाणाऱ्यांनी तयारी कुठे करायची? त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावात पोहायची सवय ठेवा. ओपन वॉटरला २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं लागतंच. मालवणला पंधरा मिनिटं हात धरून पाण्याखाली नेतात, ते म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. ड्रायसूटच्या कोर्सला आधी ओपन वॉटरचं कार्ड मागतात. आणि मालवणला डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढून घरी यायचा बेत करू नका. उंचावर हवेचा दाब कमी होतो, म्हणून ३०० मीटरच्या वरची उंची डायव्हिंगच्या हिशेबात धरतात आणि नाशिक साडेपाचशेच्या वर आहे. विमान असेल तर सलग डाइव्हनंतर किमान १८ तास जाऊ द्या. मी पूर्ण दिवस सोडला.

आणि उतरण्यापूर्वी चहा एकच कप. तो सूट झटकन काढता येत नाही.

घरी आल्यावर आईला फोटो दाखवले. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "खाणीत उतरायचे पैसे किती घेतले?" पाउंडांचे रुपये करून सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.