ग्रंथालयाचा चार्ज घेताना: माझा अनुभव

शाळेच्या ग्रंथालयाचा चार्ज तुमच्याकडे येणार असेल तर आधी एक वाक्य पाठ करा: ‘प्रत्यक्ष मोजणीत आढळलेली पुस्तके ताब्यात घेतली.’ ‘नोंदवहीप्रमाणे सर्व पुस्तके मिळाली’ असं लिहिलेल्या कागदावर कोणी कितीही घाई केली तरी सही करू नका. एवढ्या एका सहीवरून आमच्या मुलांची पुस्तकं कुलपात पडून राहिली, आणि तो विषय निघाला की अजूनही माझं डोकं तापतं.

मी अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. पाचवी ते दहावीचे वर्ग आहेत. आमचे अर्धवेळ ग्रंथपाल निवृत्त झाले तोवर पट पाचशेच्या खाली आला होता, त्यामुळे ते पद पुन्हा भरलं गेलं नाही. कपाटं बंद झाली ती झालीच. मी एकदा शिपाईकाकांना चावी मागितली तर ते म्हणाले, “चावी मनाकडे शे, पन उघडाले सही नही.” त्यांची काही चूक नव्हती. जुन्या सरांनी चार्ज द्यायचा तो घ्यायला कोणी तयार नव्हतं, कारण नोंदवहीत साडेतीन हजारांच्या आसपास पुस्तकं होती आणि कपाटांत तेवढी नव्हती हे सगळ्यांना दिसत होतं. जो सही करेल त्याच्या पगारातून वसुली होईल, अशी धास्ती. दरवर्षी यू-डायसच्या, म्हणजे सरकारला द्यायच्या शाळेच्या माहितीत मात्र पुस्तकांचा आकडा न चुकता भरला जायचा. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत स्वच्छ लिहिलं आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सगळ्या विषयांची पुस्तकं हवीत. ज्या तालुक्यात साने गुरुजींनी 1930 पर्यंत मास्तरकी केली, मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढलं, तिथल्या मुलांना गोष्टीचं पुस्तक बघायला मिळू नये, याची मला लाज वाटत होती. म्हणून मुख्याध्यापकांना सांगितलं, चार्ज मी घेते, पण मोजून घेते.

मोजणी दिवाळीच्या सुटीत उरकली. दोन सहकारी होते, दहावीची चार-पाच पोरं होती. (पंखा बंद ठेवा. जुनी पानं मोजणीच्या वेळी उडाली की कोणतं पान कुठल्या पुस्तकाचं ते कळत नाही.) खालच्या खणांना उधई, म्हणजे वाळवी लागली होती, वरच्या खणांत कसर. तरी जेवढी भीती होती तेवढं नुकसान नव्हतं.

दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात लिहितात ती, मात्र मी घरी नेऊन रात्री वाचत बसायचे. शाळेचा सगळा इतिहास तिच्यात आहे. पहिली पानं टाकाने लिहिलेली, किमतीच्या रकान्यात रुपये, आणे, पै. गावातल्या शेतकऱ्यांनी कापसाचे पैसे आले की पुस्तकं घेऊन दिलेली, त्यांच्यासमोर ‘भेट’ असा शेरा. 1957 मध्ये दशमान नाणी आली, तिथून रकान्याचं डोकं बदलतं आणि ‘न.पै.’ सुरू होतं. एका पुस्तकाची किंमत बारा आणे, त्याच्या पुढच्या प्रतीची पंच्याहत्तर नवे पैसे. अक्षर तेच, हिशोब नवा. पुढे या आण्यांनीच माझा छळ मांडला.

आता कचेरीचं सांगते. आमची शाळा खाजगी अनुदानित. फाटलेली आणि गहाळ पुस्तकं नोंदवहीतून कमी करायची, म्हणजे निर्लेखन करायचं, तर प्रस्ताव संस्थेच्या कार्यालयात जातो. मी प्रस्ताव केला, सोबत यादी जोडली. तो परत आला. कारण काय, तर एकूण किंमत टाकलेली नाही. किमती आण्यांत, तर बेरीज कशी टाकू? मग एकेका नोंदीचं रूपांतर केलं: सोळा आण्यांचा रुपया, एका आण्याच्या बारा पै. बेरीज करून पुन्हा दिला. आता म्हणे मूळ किंमत चालणार नाही, आजची किंमत लिहा. जे पुस्तक पन्नास वर्षांत छापलेलंच नाही त्याची आजची किंमत कोण सांगणार? तिथल्या भाऊसाहेबांना, म्हणजे कारकुनांना विचारलं, तर उत्तर आलं, “ते तुम्ही बघा मॅडम.” आणि खरी मेख पुढेच होती. गहाळ पुस्तकांची जबाबदारी निश्चित केल्याशिवाय निर्लेखन नाही. निर्लेखन झाल्याशिवाय चार्ज नाही. चार्ज नाही तोवर कपाट उघडायचं नाही. आणि जबाबदारी निश्चित करायची तर जुन्या सरांवर, ज्यांना स्वतःलाही चार्ज घेताना कोणी पुस्तकं मोजून दिली नव्हती! त्या माणसाने निम्म्या पगारात पोरांना पुस्तकं वाटली, त्यांच्या पेन्शनच्या वयात त्यांच्यावर चोरीचा बट्टा लावायचा? मी तिथे आवाज चढवून बोलले. मला त्याचं वाईट वाटत नाही.

तिथे बाकावर बसून राहायचं, साहेब मीटिंगला गेलेत, भाऊसाहेब जेवायला गेलेत, फाईल टेबलावर आहे पण टेबल बदललंय, हे सगळं झालं. बाहेर गेल्यावर एसटी निघून गेलेली. एकदा तर माझी फाईलच सापडेना, आणि माझ्याकडे पोच होती म्हणून ती सापडली. तर पोच घ्याच. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. तोंडी ‘ठेवून जा’ म्हटलं तर ठेवून येऊ नका.

मार्ग निघाला तो एका नियमामुळे. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियम 2017 मध्ये 215 वा नियम ग्रंथालयाच्या पडताळणीचा आहे. वीस हजारांपर्यंत पुस्तकं असतील तर दरवर्षी पूर्ण मोजणी करा, असं तो सांगतो. आणि वर्षभरात दिलेल्या किंवा वाचायला काढलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली, आणि त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल, तर ती हानी वाजवी धरावी. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी व्हायलाच हवी. भाऊसाहेब म्हणाले, हा केंद्राचा नियम, आपल्याला लागू नाही. बरोबर आहे, बंधनकारक नाही. पण जिथे सरकार स्वतः मान्य करतं की पुस्तकं वापरली की थोडी हरवतातच, तिथे खेड्यातल्या शाळेने एकेका बारा आण्यांसाठी शिक्षकाला धरू नये, हे पटवायला तो पुरेसा आहे. मी त्या नियमाची प्रत घेऊन थेट संस्थेच्या सचिवांना भेटले. जुन्या देवघेव नोंदवह्या सोबत नेल्या. इतक्या वर्षांत वाटलेल्या पुस्तकांचा ढीग बघता गहाळ पुस्तकं या प्रमाणाच्या आतच बसत होती. सचिवांनी शांतपणे ऐकलं, दोन नोंदवह्या चाळल्या आणि विषय शाळा समितीच्या सभेत घ्यायला सांगितलं. ठराव झाला: आढळलेल्या पुस्तकांचा चार्ज द्यावा, निर्लेखन मूळ किमतीने स्वतंत्रपणे चालू ठेवावं. जुन्या सरांना फोन करून कळवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला हलकं वाटलं, आणि अभिमानही वाटला. का वाटू नये?

यादी करताना तीन भाग करा, हे सांगायचं राहिलं: धड आहेत ती, फाटलेली ती, सापडत नाहीत ती. एकत्र यादी दिली की कचेरीत सगळंच अडकतं. आणि फाटकं म्हणून रद्दीत घालण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा. आपल्याकडे धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे; जुन्या पोथ्या, हस्तलिखितं, कागदपत्रं सांभाळायचं काम तिथे चालतं. आमच्या कपाटात काही शिळाप्रेसवरची, म्हणजे दगडावरून छापलेली जुनी पुस्तकं निघाली, ती मी निर्लेखनाच्या यादीतून काढून वेगळी ठेवली.

पुस्तकांची मांडणी सोपी ठेवली. जुन्या सरांनी ड्युईचे, म्हणजे विषयवार वर्गीकरणाचे क्रमांक घातले होते, मराठी साहित्याला 891.46, ते पाठीवर तसेच राहू दिले. पण पाचवीच्या पोराला दशांश क्रमांकावरून पुस्तक सापडत नाही, म्हणून वर रंगीत पट्ट्या चिकटवल्या: गोष्टींना लाल, विज्ञानाला हिरवी, चरित्रांना पिवळी.

नियम आम्ही नव्याने लिहिले. आठवड्याला एक पुस्तक, आपल्या वर्गाच्या ग्रंथालय तासाला. शब्दकोश आणि विश्वकोशाचे खंड तिथेच बसून वाचायचे. हरवलं तर तेच पुस्तक आणून द्यायचं, नाही मिळालं तर तेवढ्याच किमतीचं दुसरं. उशिराचा दंड काढून टाकला, यावर मी अडून बसले होते. दिवाळीनंतर कापूस वेचायला आमची निम्मी मुलं आईबरोबर शेतात असतात. त्यांनी पुस्तक महिनाभराने आणलं तर त्यात गुन्हा कसला? दंड लावला की पोरगं पुस्तकच नेत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत तर दोन-दोन देतो. मे महिन्यात इथे दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही, वाचायला याहून चांगला वेळ कुठला?

हो, आणखी एक. शाळा सोडताना ‘ग्रंथालय ना-देय’ची सही मागतात. पुस्तक जमा नाही म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा दाखला अडवू नका. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे मुख्याध्यापकांनी तो ताबडतोब द्यायचा असतो, उशीर केला तर कारवाई त्यांच्यावर होऊ शकते. पालकांनाही हे माहीत असू द्या.

निर्लेखनाची मंजुरी शेवटी आली. आता तिचा क्रमांक आणि तारीख नोंदवहीत एकेका नोंदीसमोर लाल शाईने लिहायची असते, मूळ नोंद खोडायची नसते. ते काम मी रिकाम्या तासाला करते. आण्यांची पानं संपली, सध्या नव्या पैशांवर आले आहे.