आमची वाटचाल : परवाना मालकाचा, प्रमाणपत्र मुलांचं

आमची पेस्ट कंट्रोलची, म्हणजे कीड नियंत्रणाची, फर्म २००९ साली सोलापुरात सुरू झाली, तेव्हा कामाचं स्वरूप साधं होतं. नव्या बांधकामांना वाळवीची प्रक्रिया, घरोघरची झुरळं-ढेकूण आणि हॉटेलांच्या स्वयंपाकघरात महिन्याची फवारणी. मी इथल्याच कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो. या धंद्यात ती पदवी उपयोगाची असते. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याखालचे नियम १९७१ चे. त्या नियमांप्रमाणे पेस्ट कंट्रोलच्या परवान्यासाठी शेतकीची किंवा रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी लागते. वर मान्यताप्राप्त संस्थेतलं किमान १५ दिवसांचं प्रशिक्षण. मैसूरची सीएफटीआरआय ही अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, हापूरची धान्य साठवण संस्था आणि हैदराबादची वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था ही त्यासाठीची नावं. आपल्याला हैदराबाद जवळचं, म्हणून मी तिथे शिकलो. परवाना भिंतीवर लागला आणि काम सुरू झालं.

खाद्यपदार्थांच्या क्षेत्रात आम्ही आलो ते कडक भाकरी आणि शेंगा चटणीमुळे. अन्न सुरक्षेच्या २००६ च्या कायद्याखाली खाद्य व्यवसायांच्या परवान्याचे नियम २०११ साली आले. त्यांच्या शेड्युल ४ मध्ये कीड नियंत्रणाची व्यवस्था असलीच पाहिजे असं लिहिलेलं आहे. मग गृहउद्योग चालवणाऱ्या ताई, चटणीवाले, फरसाणवाले, डाळमिलवाले सगळ्यांचे फोन येऊ लागले. मागणी एकच : "एकदा औषध मारून जा आणि सर्टिफिकेट द्या." आम्ही पहिल्यापासून सांगत आलो की आम्ही देतो तो कागद म्हणजे आम्ही येऊन काम केल्याची नोंद आहे. तुमच्याकडे कीड नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. काहींना हे पटलं, काही दुसरीकडे गेले.

खरी दिशा मिळाली ती चिंचोळी एमआयडीसीतल्या एका निर्यात करणाऱ्या कारखान्यात. परदेशी खरेदीदाराच्या वतीने ऑडिटर आले होते. मी माझी फाइल पुढे केली : परवाना, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, औषधांची लेबलं, सापळ्यांचा नकाशा. त्यांनी ती नीट पाहिली आणि विचारलं, "हे तुमचं झालं. आत गुडघ्यावर बसून सापळा उघडतो कोण? त्याला बोलवा." आमच्याकडे काम करणारा मुलगा आला. मग सगळे प्रश्न त्याला. हा चिकट सापळा दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीलगतच का? आत विषारी आमिष का नाही? माशा पकडायचा निळा दिवा पॅकिंगच्या टेबलाच्या वर का लावत नाहीत? त्याने उत्तरं बरोबर दिली. उंदीर भिंत सोडून मोकळ्यावर फार फिरत नाही. विषाचे डबे इमारतीच्या बाहेरच्या बाजूला, आत फक्त सापळे. आणि दिव्याखाली उघडा माल आला तर किड्याचे तुकडे त्यात पडू शकतात. ऑडिटरनी मान डोलावली, पण शेरा लिहिला : या माणसाच्या पात्रतेचा पुरावा नाही.

तो शेरा मला योग्य वाटला. युरोपात कीड व्यवस्थापन सेवेसाठी २०१५ साली ईएन १६६३६ हे मानक आलं, त्यात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या क्षमतेचा विचार आहे. अमेरिकेतली कीटकशास्त्रज्ञांची संस्था या क्षेत्रातल्या लोकांची परीक्षा घेऊन पद देते, आणि पुढेही शिकत राहिल्याचं दाखवल्याशिवाय ते टिकत नाही. आपल्याकडे परवान्याला पदवीधर लागतो, पण गोदामात हातात टॉर्च घेऊन उतरतो तो बारावी झालेला किंवा तेही नसलेला पोरगा. लोकांचं अन्न त्याच्या नजरेवर अवलंबून आहे. म्हणून आम्ही ठरवलं की खाद्य उद्योगात जाणारा आमचा प्रत्येक माणूस शिकलेला, परीक्षा दिलेला आणि त्याचा कागद फाइलमध्ये असलेला हवा. पहिली तुकडी हैदराबादला गेली, नंतरच्या मुलांना वेगवेगळ्या छोट्या अभ्यासक्रमांना पाठवलं.

याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना मी मसाल्याच्या कारखान्याची हकीकत सांगतो. मालकीणबाई, ज्यांना आम्ही काकू म्हणतो, हैराण झाल्या होत्या. तयार मसाल्यात बारीक तपकिरी किडे निघत होते. आधीच्या ठेकेदाराने सिगारेट बीटलचे, म्हणजे तंबाखूच्या भुंगेऱ्याचे, कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नराला ओढणारे सापळे, लावले होते. सापळे रिकामे, म्हणून अहवालात "कीड नाही", आणि किडे मात्र मालात. आमचा एक मुलगा पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा, आईने आयुष्यभर विड्या वळलेल्या. त्याने भिंगाखाली किडा धरला आणि म्हणाला, "सर, हा तंबाखूतला नाही. त्याची पाठ गुळगुळीत असते. ह्याच्या पाठीवर रेघा आहेत." नुकत्याच झालेल्या प्रशिक्षणातलं त्याला पुढचंही आठवलं : तंबाखूच्या भुंगेऱ्याची मिशी करवतीसारखी दातेरी, आणि या दुसऱ्याच्या, ड्रगस्टोअर बीटलच्या, मिशीचे शेवटचे तीन मणी मोठे. दोघांचे मादीगंध वेगळे, त्यामुळे एकाच्या गंधाला दुसऱ्याचा नर येत नाही. सापळा रिकामा राहणारच होता. सापळ्यातला गंध बदलला आणि दोन गोदामांत सापडणाऱ्या किड्यांतला फरक लगेच दिसू लागला. मग शोध धण्यांच्या जुन्या पोत्यांच्या थप्पीपर्यंत गेला. पोती हलवली, दळणयंत्राच्या कोपऱ्यांत साचलेली पूड काढली आणि त्या कामात एक थेंबही फवारावा लागला नाही. आईच्या सुपातला किडा त्या मुलाने जन्मभर पाहिला होता. पण त्याचं नाव, त्याची ओळखण्याची खूण आणि सापळ्याशी असलेला संबंध त्याला प्रशिक्षणाने दिला. मला त्याचा फार अभिमान आहे.

धुरीकरणात, म्हणजे ताडपत्रीखाली झाकलेल्या मालात विषारी वायू सोडून कीड मारण्याच्या कामात, तर शिक्षणाशिवाय पाऊल टाकूच नये. बार्शीकडच्या डाळमिलमध्ये लोक सहज म्हणतात, "गोळ्या टाकून जा." अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची ३ ग्रॅमची एक गोळी हवेतल्या ओलाव्याने १ ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. हा वायू माणसाला मारतो. आठ तासांच्या कामासाठी हवेतलं त्याचं मान्य प्रमाण दहा लाखांत ०.३ भाग इतकं कमी आहे आणि वासावरून सुरक्षितता ठरवता येत नाही, मीटरच लागतो. शिवाय तांबं त्याने खराब होतं. मिलमधली वजनाची इलेक्ट्रॉनिक यंत्रं, पॅनल आधी झाकली नाहीत तर नुकसान ठरलेलं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, वायू लवकर सुटतो, आणि म्हणून मालकांना ताडपत्री लवकर काढायची घाई होते. मोठे किडे मेलेले दिसतात, पण अंडी आणि कोष चिवट असतात. ताडपत्री गळकी किंवा मुदत अपुरी असली की हेच वाचतात, आणि पुढच्या पिढ्या वायूला दाद देईनाशा होतात. तांबडा भुंगेरा तर ३०-३५ अंशांत महिन्याभरात अंड्यातून पुन्हा भुंगेरा होतो. मालक रागावले तरी चालेल, ताडपत्रीची कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबायची आणि मुदत पुरी करायची. या कामाला सरकारी परवानगी असलेलीच माणसं जातात. बाकीच्यांना आम्ही दाराबाहेर उभं करतो.

खर्च होतो. शिकलेला मुलगा पुण्याच्या मोठ्या कंपनीत जातो, हेही झालेलं आहे, आणि दुसरा तयार करायला परत सुरुवात करावी लागते. त्यावर मित्र म्हणतात, कशाला पाठवतोस? न शिकलेला माणूस दहा वर्षं माझ्याकडे राहिला, तर त्या दहा वर्षांत लोकांच्या ताटात काय जाईल? शिवाय गेलेली मुलं अजून फोन करतात, पुण्याहून नव्या गोष्टी सांगतात.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. अभ्यासाचं साहित्य बहुतेक इंग्रजीत, आणि आमच्या मुलांपैकी कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, तर कुणाच्या मराठी. म्हणून आम्ही शनिवारी दुपारी ऑफिसातच वर्ग घेतो. लेबलवरच्या त्रिकोणाचा रंग काय सांगतो, ६ मिलिमीटरच्या फटीतून उंदराचं पिल्लू कसं आत येतं, घूस आणि घरउंदीर यांची विष्ठा कशी वेगळी, सेवा अहवालात "सर्व ठीक" न लिहिता काय पाहिलं ते कसं लिहायचं, हे सगळं मराठीत. ज्याला लिहिता येत नाही तो आधी नकाशावर खुणा करायला शिकतो.

यंदापासून या वर्गाला आमच्या ग्राहकांचीही माणसं येतात. डाळमिलचे मुकादम, चटणीच्या युनिटमधल्या मावशी, बेदाण्याच्या शीतगृहातले सुपरवायझर. महिन्यात आम्ही एकदोनदा जातो, कीड मात्र त्यांच्या नजरेसमोर रोज असते. उन्हाळा लागण्याआधी गोदामवाल्यांसाठी धुरीकरणाच्या सुरक्षिततेचा वेगळा वर्ग ठेवतो आहोत. ज्यांना माणूस पाठवायचा असेल त्यांनी ऑफिसात नाव सांगून ठेवावं. फी नाही, फक्त येणाऱ्याने पूर्ण वेळ बसायचं.