फळी कसली, नौकाच ती!

सिएटलला ऊन पडलं की माणसं ऑफिसातून पळतात आणि जाऊन पाण्यावर उभी राहतात. अक्षरशः उभी. पायाखाली दहा फुटी फळी, हातात लांब वल्हं, बस्स. इथे याला सगळे ‘सप’ म्हणतात, म्हणजे स्टँड-अप पॅडलबोर्डिंग. गेल्या मे महिन्यात आम्हीही एक फळी घेतली, हवा भरायची. पंप मारून मारून नवऱ्याचा घामटा निघाला आणि शहरातल्या लेक युनियन या तळ्यावर पहिला नंबर मी लावला.

मी मामाच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली. डबा सुटला तेव्हापासून पाण्यात अंगाला काही बांधायचं म्हणजे मला कमीपणा वाटतो. म्हणून लाइफ जॅकेट फळीवरच्या रबरी दोऱ्यांखाली खोचलं आणि निघाले.

गंमत म्हणजे हे नियमात बसतं. यूएस कोस्ट गार्डने २००८ साली ठरवलं, की पोहण्याच्या किंवा सर्फिंगच्या जागेबाहेर नेली की ही फळी म्हणजे नौका. मग नौकेचं सगळं आलं: माणशी एक मान्यताप्राप्त जॅकेट, तेही आपल्या मापाचं, एक शिट्टी आणि अंधार पडल्यावर दिवा. दिवा म्हणजे साधी विजेरीसुद्धा चालते. वॉशिंग्टन राज्यात १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनी जॅकेट अंगात घालायलाच हवं. मोठ्यांनी नुसतं जवळ ठेवलं तरी भागतं. आमची नऊ वर्षांची लेक म्हणूनच काठावर जॅकेट घालून फुगून बसली होती, दोन्ही अर्थांनी.

या तळ्यात मधोमध सीप्लेन उतरतात. त्यांच्यापासून लांब राहायच्या नादात मी होते, तेवढ्यात एका मोटरबोटीची लाट आली आणि मी धप्पकन पाण्यात. वर पंचवीस अंशांचं ऊन, खाली पाणी गारढोण. श्वास असा आत ओढला गेला की ओरडायला आवाज फुटेना. डोकं वर काढलं तर फळी वाऱ्यावर चाललेली, आणि तिच्यावर माझं जॅकेट, नीट खोचलेलं. फळी पायाला बांधायची दोरी गाडीत राहिली होती. मी दोन हात मारले की फळी चार हात पुढे. शेवटी एका कयाकवाल्या आजोबांनी ती आणून दिली. काही बोलले नाहीत, जॅकेटकडे फक्त एकदा पाहिलं.

नवऱ्याने मग जॅकेटऐवजी कमरेचा बेल्ट आणला. दोरी ओढली की गॅसने फुगतो. १६ वर्षांखालच्यांना तो चालत नाही, आणि काही बेल्ट कमरेला बांधलेले असतील तरच नियमात धरतात. लेबल वाचूनच घ्यावा. मी काठाशी, गुडघाभर पाण्यात ओढून पाहिला. फस्सकन फुगला, पण पोटापुढे. तो डोक्यावरून गळ्यात घालायचा आपणच. गारठलेल्या बोटांनी हे मला जमणं कठीण, म्हणून माझं आपलं साधं फोमचं जॅकेट, चेन गळ्यापर्यंत लावून.

फळीची दोरीही आता विसरत नाही. फक्त वाहत्या नदीत ती घोट्याला बांधायची नसते. ओंडक्यात अडकली तर प्रवाह माणसाला खालीच दाबून धरतो. तिथे कमरेला, एका झटक्यात सुटेल अशी लागते.

परवा मामाला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन, “काय गं, परत डबा बांधलास होय?”