शाळेमागचे तीन ढीग

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या नागपूरच्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागून एका घराचे बांधकाम सुरू झाले आणि सहावीच्या वर्गाच्या खिडकीतून दिसतील असे तीन ढीग तिथे येऊन पडले: गिट्टीचा, रेतीचा आणि मुरुमाचा. मिक्सरच्या आवाजामुळे मी पहिला आठवडाभर खिडक्या लावून घेऊन शिकवत होते, आणि शिकवत काय होते, तर खडकांचे प्रकार. दरवर्षीप्रमाणे फळ्यावर तीन चौकटी आखून अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित असे लिहायचे, प्रत्येकाखाली दोन उदाहरणे द्यायची आणि पुढच्या पाठाकडे वळायचे, हा माझा अनेक वर्षांचा शिरस्ता होता.

एके दिवशी खिडकीजवळच्या एका मुलाने विचारले, "मॅडम, गिट्टी काळी हाये, मंग रेती पांढरी काऊन?"

नदीत दगड घासून घासून त्यांची रेती होते, हे तयार उत्तर माझ्या ओठांवर आले होते. ते चूक नाही. पण काळा दगड घासून पांढरी रेती कशी होईल, हाच तर त्याचा प्रश्न होता, आणि माझ्या उत्तराने तो केवळ दडपला गेला असता. म्हणून मी काहीच सांगितले नाही. हे ढीग कुठून आले ते घरी विचारून या, एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी, ज्याचे वडील गवंडीकाम करतात त्या मुलाने उभे राहून सांगितले की रेती कन्हान नदीची आहे आणि गिट्टी पाचगावकडच्या खदानीतली. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जो अधिकार होता, तो मला भूगोलाच्या तासाला क्वचितच दिसला आहे.

बांधकामावरच्या चौकीदारदादांना विचारून आम्ही तिन्ही ढिगांतले एकेक घमेले आणले. प्रयोगशाळेतले एक भिंग आणि जुन्या स्पीकरमधून काढलेले एक लोहचुंबक एवढीच आमची साधने. भिंगाखाली रेती पांढरी नव्हतीच: काही कण काचेसारखे आरपार, काही दुधी, काही फिकट गुलाबी, आणि मधूनच अभ्रकाची चमक. गिट्टीचा तुकडा मात्र सगळा एकसारखा काळपट, इतका बारीक की कण वेगळे दिसेनात. गिट्टीखालच्या चुरीतून चुंबक फिरवले तेव्हा त्याला काळ्या कणांची दाढी फुटली. रेतीतून फिरवले तेव्हाही थोडे काळे कण चिकटलेच, आणि तिथे वर्गात दोन तट पडले. रेतीत गिट्टीचे कण मिसळले आहेत, असे एका गटाचे म्हणणे होते. दुसरा गट म्हणत होता की असे काळे कण दुसऱ्या दगडातही असू शकतात. कन्हान छिंदवाड्याकडून सातपुड्यातून येते, तिच्या वाटेत बेसॉल्टही, म्हणजे लाव्हा थिजून झालेला गिट्टीचा काळा खडकही, आहे आणि त्याहून फार जुने खडकही आहेत, तेव्हा दोन्ही गटांचे म्हणणे खरे असू शकते. पण हे मी दोन दिवसांनी सांगितले, तोवर त्यांना भांडू दिले.

उलगडा झाला तो मुरुमाच्या घमेल्यात. बोरांएवढ्या आणि लिंबांएवढ्या ढेकळांत एक नारळाएवढा गोळा होता. एका मुलीने तो फरशीवर आपटला, तेव्हा त्याचे तपकिरी पापुद्रे कांद्यासारखे एकावर एक सुटत गेले आणि मध्ये घट्ट, काळा गाभा उरला. तिने तो गिट्टीशेजारी ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, हा तं आतून गिट्टीच हाये." त्यानंतर मला फारसे बोलावे लागले नाही. पायाच्या खड्ड्यातली काळी माती मजुरांनी उपसून बाहेर टाकली होती आणि तिच्या जागी मुरूम भरत होते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावर उभ्या भिंतीला तडे जातात, हे अर्ध्या वर्गाला स्वतःच्या घरावरून ठाऊक होते. तो मऊ मुरूम आणखी झिजला, तर त्याचे काय होईल, एवढे विचारताच चार-पाच जण एकदम म्हणाले, "काळी माती!"

म्हणजे गिट्टी, मुरूम आणि काळी माती ही एकाच खडकाची तीन वये. बेसॉल्टमध्ये गारगोटीचे कण जवळजवळ नसतात; त्यातली खनिजे हवापाण्याने कुजून चिकणमाती होतात. रेती उरते ती गारगोटीची, कारण ती कुजत नाही. ढिगांमध्ये परका होता तो रेतीचाच, नागपूरच्या काळ्या खडकाशी फारसे नाते नसलेला. बाटलीत पाणी घेऊन दोन्ही ढवळून पाहिले, तेव्हा रेती क्षणात तळाशी बसली आणि काळ्या मातीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच होते.

नागपूर या दृष्टीने भाग्यवान गाव आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा जो थर पश्चिमेला थेट सह्याद्रीपर्यंत पसरला आहे, त्याची पूर्वेकडची कड इथे येते. सीताबर्डीची टेकडी त्याच दगडाची, आणि कामठीकडे गेले की वालुकाश्म लागतो. लाव्हा एकदाच आला का, असे एकाने विचारले तेव्हा मला नागपूरच्याच टाकळीचे उदाहरण देता आले. ज्यांच्या नावाचे कॉलेज शहरात आहे, ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले आणि त्यांनी टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख आणि वनस्पतींचे अवशेष शोधले. एक थर थंड होऊन त्यावर तळे साचावे, तळ्यात गोगलगायी वाढाव्यात, आणि मग पुन्हा लाव्हा यावा, एवढा अवकाश मध्ये गेला होता.

या सगळ्यात सहा तासिका गेल्या. पोर्शन मागे पडल्याबद्दल मला जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही. ते अगदीच चुकीचे होते असेही नाही, कारण पुढचा पाठ मला घाईत उरकावा लागला आणि तो मुलांना आला नाही. सत्र परीक्षेत अग्निजन्य खडकाचे उदाहरण विचारले होते. एकाने लिहिले, "शाळेमागची गिट्टी." मी पूर्ण गुण दिले.

बांधकाम आता स्लॅबपर्यंत आले आहे आणि ढीग संपत आले आहेत. परवा सिमेंटच्या पोत्यांचा ट्रक आला, तेव्हा पोत्यावरचा चंद्रपूर जिल्ह्याचा पत्ता वाचून त्याच खिडकीजवळच्या मुलाने विचारले की सिमेंट कोणत्या दगडाचे करतात. चुनखडीचे, एवढे मी सांगितले. तिकडची चुनखडी एका अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेली आहे, हे अजून सांगितलेले नाही. चौकीदारदादांनी एक रिकामे पोते द्यायचे कबूल केले आहे.